लेसर डॉक्टरांचे, निगा घरची

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. वक्त्या शस्त्रक्रिया विभागातून निवृत्त झालेल्या परिचारिका असून मंडळाच्या जुन्या सभासद आहेत.)



महिन्यापूर्वी चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, यंदा तुम्ही बोला." मी म्हटले, "जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे यापलीकडे मला काय येते? वर्धापनदिनाला तो विषय शोभेल का?" त्यावर त्या म्हणाल्या, "शोभेल. चेहऱ्यावर लेसर केल्यानंतर त्वचेची निगा कशी राखायची ते सांगा. आपल्या आळीत आतापर्यंत तिघींनी केले, आणि प्रत्येकीला दहाजणींनी दहा उपाय सांगितले."

त्या तिघींपैकी एक माझी धाकटी मुलगी. आणि उपाय सांगणाऱ्या दहाजणींत सर्वांत मोठी चूक जिने केली ती मी. म्हणून हा विषय मी नाकारू शकले नाही. ती चूक काय होती ते सांगेनच. परंतु आधी थोडी माहिती सांगते, म्हणजे चूक का झाली तेही कळेल.

लेसर करावे की करू नये, हा आजचा विषय नाही. "देवाने दिलेला चेहरा बरा नाही का?" असे मीही पहिल्यांदा म्हटले होते. परंतु माझ्या मुलीच्या गालांवर कॉलेजात असल्यापासून तारुण्यपिटिकांचे खड्डे होते. घरात ती दिव्याकडे पाठ करून बसे, आणि लग्नकार्यात छायाचित्र काढायची वेळ आली की नेमकी हिला पाणी आणायला आत जायचे असे. हे मला दहा वर्षे दिसत होते आणि मी दिसत नसल्यासारखे करीत होते. नोकरी लागल्यावर तिने स्वतःच्या पगारातून पैसे साठवले आणि त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेली. तेव्हा नसते चोचले म्हणून कुणी कुणाला हसू नये, एवढेच सांगून मी पुढे जाते.

आता लेसर म्हणजे काय? तो एका ठिकाणी एकवटलेला, एकाच जातीचा प्रखर प्रकाश. पहिला लेसर 1960 साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखविला. चेहऱ्यावरचे व्रण आणि खड्डे यांसाठी आज जो फार वापरला जातो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर. आणि भगिनींनो, अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट अशी, की हा लेसर ज्यांनी 1964 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधून काढला ते कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. बारामतीचा मुलगा म्हटल्यावर माझे यजमानही वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकू लागले होते!

या लेसरचा प्रकाश पाणी शोषून घेते. आपल्या कातडीत पाणी पुष्कळ, म्हणून तो जेथे पडतो तेथील कातडीचा पातळ थर क्षणात वाफ होऊन उडतो, आणि त्याखालच्या थराला ठरावीक ऊब मिळते. त्या उबेने आतले जुने तंतू आखडतात आणि नवे तंतू तयार होऊ लागतात. खड्डा भरून येतो तो असा, आतून.

पूर्वी सगळा चेहरा सरसकट सोलून काढीत. तो बरा व्हायला एक ते दोन आठवडे लागत आणि लाली कित्येक महिने राही. 2004 च्या सुमारास निराळी पद्धत पुढे आली. ती समजायला सोपी आहे, कारण आपण सगळ्या ठिपक्यांची रांगोळी काढतो. अंगणात ठिपके टाकले की मधली जमीन मोकळी असते ना? तसेच हा लेसर चेहऱ्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके पाडतो आणि मधली कातडी शाबूत ठेवतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटी खोल जखम. ती भरून काढायला शेजारची शाबूत कातडी धावून येते. त्यामुळे वरचा थर साधारणपणे तीन ते सात दिवसांत मिटतो.

यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. लेसर म्हणजे जाणूनबुजून, मापून केलेली जखम आहे. गुण येतो तो त्या यंत्राने नव्हे. जखम भरताना शरीर जे नवे विणते त्याने. डॉक्टरांचे काम अर्ध्या तासात संपते. शरीराचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते चालते आपल्या घरी, आपल्या उशीवर, आपल्या स्वयंपाकघरात. म्हणूनच मी म्हणते, लेसर डॉक्टरांचे असले तरी निगा घरची आहे.

आता जखम भरते कशी? आम्ही शिकत होतो तेव्हा घरोघरी एकच समजूत होती, आणि आजही आहे: जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या. वॉर्डात येणारे नातेवाईक पट्टी पाहून कुरकुर करीत, "सिस्टर, जखम गुदमरते हो." खरे म्हणजे जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने 1962 सालीच डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखविले होते, की पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेली उथळ जखम, उघड्यावर वाळून खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. कारण साधे आहे. नव्या पेशी कडेने सरकत सरकत जखमेवर येतात. जमीन ओलसर असली तर त्या सहज सरकतात. वर कोरडी खपली असली तर त्यांना त्या खपलीच्या खालून वाट काढावी लागते. शेतातले रोप जसे तडकलेल्या जमिनीत अडते, तसेच हे.

तेव्हा लेसरनंतरचा पहिला नियम असा: चेहरा कोरडा पडू द्यायचा नाही.

आता दिवसांच्या क्रमाने सांगते. तुमच्या डॉक्टरांनी याहून निराळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकायचे. कारण लेसर किती खोल दिला हे त्यांनाच ठाऊक.

पहिल्या दिवशी चेहरा उन्हाने भाजल्यासारखा आगआग करतो. ही आग बहुधा काही तासांत उतरते. स्वच्छ मऊ कापड थंड पाण्यात भिजवून, पिळून, चेहऱ्यावर हलकेच ठेवावे. बर्फाचा खडा मात्र थेट लावू नये. त्याने नाजूक कातडीला इजा होते. बारीक बारीक लस येईल, तिला घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज येते, डोळ्यांखाली जास्त. सकाळी आरशात पाहून पुष्कळ मुली रडू लागतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे. रात्री दोन उशा घेऊन डोके उंच ठेवले तर सूज कमी राहते.

दिवसातून तीन-चार वेळा, किंवा डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, चेहरा धुवायचा. आधी हात साबणाने स्वच्छ धुवायचे. आपल्याकडे पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ येते, म्हणून उकळून गार केलेले पाणी वापरावे हे बरे. चेहऱ्यावर पाणी सोडायचे, चोळायचे नाही. धुतल्यावर टॉवेलने पुसायचे नाही, मऊ कापडाने नुसते टिपायचे. आणि लगेच, ओल आहे तोवरच, पेट्रोलियम जेलीचा, म्हणजे आपण सगळ्या जिला व्हॅसलिन म्हणतो तिचा, पातळ थर द्यायचा. साधी, बिनवासाची, बिनरंगाची. पातळ म्हणजे चेहरा नुसता चकाकेल इतका. पोळीला तूप थापल्यासारखा नको, कारण जाड थराने घाम कोंडून पुटकुळ्या येतात. त्वचा पुन्हा ओढल्यासारखी वाटली की पुन्हा लावायचा.

उशीचा अभ्रा रोज बदलायचा. केस बांधून ठेवायचे, म्हणजे तेल आणि धूळ चेहऱ्यावर येणार नाही. आणि अजून एक, जे ऐकून सासूबाई मंडळी रागावतील: चार-आठ दिवस शेगडीची धग, फोडणीचा ठसका आणि कुकरची वाफ यांपासून चेहरा दूर ठेवायचा. उष्णतेने लाली आणि आग वाढते, घामाने झोंबते. तेव्हा सुनेने लेसर केले असेल तर आठ दिवस पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्या. दुसऱ्या कुणीतरी म्हणजे घरातले पुरुष धरून!

चौथ्या-पाचव्या दिवशी चेहरा तांबूस-करडा आणि रव्यासारखा खरखरीत लागतो. हे बारीक ठिपके वाळून वर आलेले असतात. खाज सुटते. कुठे सालपटे अर्धी निघालेली, अर्धी चिकटलेली, असा चेहरा फार वाईट दिसतो. आणि भगिनींनो, हाच दिवस खरा परीक्षेचा. माझी परीक्षा याच दिवशी झाली, आणि मी नापास झाले.

तो पाचवा दिवस, रविवार. संध्याकाळी माझ्या नणंदबाई मुलाबाळांसह जेवायला यायच्या होत्या. मुलीच्या दोन्ही गालांवर सालपटे लोंबत होती. डॉक्टरांनी छापील कागद दिला होता. तो मीच नीट घडी उलगडून फ्रिजच्या दारावर लावला होता. लावला, पण वाचला नाही. एकतीस वर्षे जखमा धुतलेल्या बाईला कागद कशाला हवा? मी वाटीत साय घेतली, चमचाभर डाळीचे पीठ आणि चिमूट हळद घातली, आणि म्हटले, "इकडे ये, हलक्या हाताने काढते. लहानपणी तुला असेच न्हाऊ घातले आहे." ती नको म्हणत होती. मी ऐकले नाही. सालपटे निघाली. दोन ठिकाणी खाली लाल, ओले दिसले. मी वर थोडी साय लावली आणि समाधानाने स्वयंपाकाला लागले.

तिसऱ्या आठवड्यात बाकीचा चेहरा नितळ गुलाबी झाला, आणि नेमक्या त्या दोन जागा तपकिरी, मग काळ्या पडू लागल्या. खड्डे घालवायला गेलेल्या मुलीला तिच्या आईने दोन डाग दिले. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्या वयाने माझ्याहून लहान. त्यांनी विचारले, "मध्ये काही लावले होते का? खपल्या काढल्या होत्या का?" मुलगी गप्प राहिली. मलाच सांगावे लागले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सिस्टर, झाले ते झाले. आता छत्री आणि धीर." परतताना रिक्षात मुलीने विचारले, "आई, वॉर्डात कुणाची खपली तू अशी काढली असतीस का?"

नाही. कधीच काढली नसती. काढणाऱ्याचा हात धरला असता. परक्याच्या लेकराला जे नियम मी काटेकोर लावले, ते स्वतःच्या लेकराला मायेपोटी लावले नाहीत. हे सांगायला मला आज संकोच वाटत नाही, कारण त्याने कुणाचा तरी गाल वाचेल.

तर खपली आणि सालपटे आपोआप गळू द्यावीत. खपलीखाली नवी कातडी अजून कच्ची असते. ओढली की ती फाटते आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. खाज फार सुटली तर गार ओले कापड ठेवावे, पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. रात्री झोपेत ओरबाडले जाऊ नये म्हणून नखे कापून ठेवावीत.

आता डाग काळेच का पडतात? याचे कारण आपल्या वर्णात आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी सर्वांनाच असतात, पण आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत त्या अधिक जागरूक असतात. हेच तर उन्हापासून आपले रक्षण करतात. पण त्वचेला कोणतीही इजा झाली, सूज आली, की त्या घाबरून जास्त रंग ओततात. मुरूम गेल्यावर, डास चावल्यावर, कढईचा चटका बसल्यावर आपल्याला काळा डाग राहतो, तो याच कारणाने. गोऱ्या कातडीच्या देशात लेसरनंतर लाली लांबण्याची काळजी अधिक, आपल्याकडे काळेपणाची. म्हणून परदेशातल्या कुणा बाईने मोबाइलवर चित्रफीत दाखवून "मला चार दिवसांत काही झाले नाही" असे सांगितले, तरी ते आपल्याला लागू पडेलच असे नाही. जाणते डॉक्टर आपल्या वर्णासाठी लेसरचे ठिपके विरळ ठेवतात, एका बैठकीऐवजी तीन-चार बैठका करतात, आणि कित्येकदा आधी कानाजवळ छोट्या जागेवर करून पाहतात. अशा वेळी घाई करून "एकदाच काय ते करून टाका" असे म्हणू नये.

आणि या काळेपणाला सर्वांत मोठे खतपाणी घालते ते ऊन. पहिले काही दिवस, कातडी मिटेपर्यंत, उन्हात जाऊच नये. मिटल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सनस्क्रीन लावायचे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, 30 किंवा अधिक संरक्षणांकाचे, बिनवासाचे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा, एवढे चेहऱ्याला आणि मानेला लागते; आपण लावतो ते बहुधा कुंकवाच्या बोटाएवढे! बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचे. आपल्या वर्णाला साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही काळेपणा येतो, आणि तो अडवायला लोहाचे ऑक्साइड असलेले, म्हणजे किंचित रंगीत, सनस्क्रीन उपयोगी पडते. ते आपल्या रंगात मिसळते, पांढरे फटक दिसत नाही, हा आणखी एक फायदा.

"मी तर घरातच असते," असे पुष्कळजणी म्हणतात. पण डाग पाडणारे काही किरण खिडकीच्या काचेतून आत येतात आणि ढगांतूनही खाली पोचतात. आपण खिडकीशी बसून तांदूळ निवडतो, बसमध्ये काचेशी बसतो, गच्चीवर पापड घालतो. तेव्हा छत्री, डोक्यावरून पदर, रुंद कडेची टोपी यांपैकी जे जमेल ते घ्यावे. माझी मुलगी ऐन डिसेंबरात छत्री घेऊन कामावर जाई. लोक हसत. हसू दिले.

आता स्वयंपाकघरातल्या औषधांविषयी. हळद, लिंबू, दही, डाळीचे पीठ, कोरफड, मध हे आपले सोबती आहेत, त्यांची मी निंदा करीत नाही. पण शाबूत कातडीवरचा लेप निराळा आणि सोललेल्या कातडीवरचा निराळा. लिंबाचा रस फार आंबट. कच्च्या कातडीवर तो भाजतो, आणि तो लागलेल्या जागी ऊन पडले तर फोड येऊन काळे चट्टे उठतात. हळदीने काहींना चक्क पुरळ उठते. डाळीचे पीठ घासते. साय आणि कोरफडीचा कापलेला तुकडा निर्जंतुक नसतो. तेव्हा लिंबू आणि आवळा पोटात जावेत, गालावर नकोत. टूथपेस्ट, बोरिक पावडर, जंतुनाशकाचे झोंबणारे द्रावण हेही नको. मैत्रिणीने दिलेले पांढऱ्या ट्यूबमधले "गोरे होण्याचे" मलम तर मुळीच नको. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीवाचून लावले तर कातडी पातळ होते, आणि सोडले की चेहरा लाल होऊन पेटतो. जखमेवर लावायची काही जंतुनाशक मलमेसुद्धा, विशेषतः निओमायसिन असलेली, काहीजणींना सोसत नाहीत. म्हणून लक्षात ठेवा: जितके कमी लावाल तितके बरे.

पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलींनी ब्लीच, फेशियल, वॅक्स, भुवया कोरणे, आणि ते रेटिनॉल वगैरे बाटल्यांतले थेंब, हे सगळे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद ठेवावे. पांढरे रवाळ दाणे उठले तर ते सुईने टोचू नयेत. पुष्कळदा आपोआप जातात, नाहीतर डॉक्टर काढतात.

आता एक नाजूक गोष्ट. आपण हळदीकुंकवाच्या बायका. कपाळावर लेसर केले असेल तर कातडी पूर्ण बरी होईपर्यंत कुंकू आणि टिकली लावू नये. कुंकवातल्या रंगांनी काहींच्या कपाळाला काळसर चट्टे पडतात, आणि टिकलीच्या मागच्या डिंकातल्या रसायनाने काहींची कातडी तेवढ्या जागी पांढरी पडते, हे त्वचारोगतज्ज्ञांनी पुष्कळ पाहिले आहे. आधीच सोललेल्या कातडीला हा धोका अधिक. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी हात जोडून सांगते, सुनेचे कपाळ आठ-पंधरा दिवस मोकळे दिसले तर तिला बोल लावू नका. गळ्यात मंगळसूत्र आहे, हातात बांगड्या आहेत. आणि त्याही नसल्या तरी तिच्या मनातल्या मायेला काही झालेले नाही.

खाण्यापिण्याबद्दल आपल्याकडे फार पथ्ये सांगतात. वांगे नको, बटाटा नको, आंबट नको, डाळ नको, पू होतो म्हणे. याला काही आधार नाही. कातडी विणायला प्रथिने लागतात. वरण, उसळ, दूध, अंडी, मासळी, जे तुमच्या घरात चालते ते पोटभर खावे. फळे खावीत. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी, नाहीतर जखम रेंगाळते आणि पिकते. आणि मिश्री लावणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तंबाखू कुठल्याही वाटेने शरीरात गेली तरी बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि जखमेला रक्त कमी मिळते. लेसरच्या निमित्ताने ती सुटली तर चेहऱ्याहून मोठा लाभ होईल.

आता धोक्याच्या खुणा. या पाठ करा. बरे होताना दुखणे रोज कमी व्हायला हवे. दोन-तीन दिवसांनंतर ते उलट वाढू लागले, पू आला, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरू लागल्या, ताप आला, किंवा पाणीदार फोडांचे झुपके उठले, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोड उठतात ना, त्याच रोगाचे विषाणू अंगात दबा धरून असतात आणि लेसरने सोललेल्या चेहऱ्यावर ते वणव्यासारखे पसरू शकतात. ज्यांना असे फोड पूर्वी आले असतील त्यांनी आधीच सांगितले, तर डॉक्टर त्यावरच्या गोळ्या लेसरच्या अगोदर सुरू करतात. डोळ्याजवळ फोड आला किंवा दिसायला अंधुक झाले तर क्षणभरही थांबू नये.

आणि लेसर करण्यापूर्वी चार गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगाव्या: ओठावर फोड येतात का, पूर्वी एखादी जखम किंवा कान टोचल्याची जागा गाठीसारखी फुगली होती का, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या आहेत का, आणि दिवस गेले आहेत का. तसेच एक विचारावे: यंत्र कोण चालविणार? नोंदणी झालेले, त्वचारोगाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर चालविणार असतील तरच पुढे जावे. स्वस्त मिळते म्हणून चेहरा कुणाच्याही हाती देऊ नये. लग्न ठरले असेल तर शेवटची बैठक कार्याच्या दोन-तीन महिने तरी आधी आटोपावी. हळद लागायच्या दिवशी गाल कच्चा असता कामा नये.

सगळ्यांत शेवटी धीर. सालपटे गेली म्हणजे काम संपले असे नाही. आतले तंतू विणण्याचे काम तीन ते सहा महिने चालू असते. पहिल्या महिन्यात "काही फरक दिसत नाही" म्हणून मुली हिरमुसतात. त्यांना रोज आरशात पाहायला लावू नका, आणि तुम्हीही रोज हनुवटी धरून, उजेडात फिरवून पाहू नका. मी पाहात असे. शेवटी मुलीने सांगितले, "आई, मी रविवारी स्वतः दाखवीन." मग आम्ही रविवारचा नियम केला.

तिचे ते दोन डाग जायला दहा महिने लागले. डॉक्टरांनी रात्रीचे मलम दिले, ती छत्री आणि सनस्क्रीन सांभाळीत राहिली, आणि ते हळूहळू फिके पडले. पुढच्या दोन बैठका झाल्या. त्या वेळी फ्रिजवरचा कागद मी रोज सकाळी वाचत असे, आणि मुलगी चेहरा धुवायला बसली की माझे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसत असे. खड्डे सगळे गेले नाहीत. डॉक्टरांनी तसे आधीच सांगितले होते. पण पुष्कळ भरले.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला सगळे जमलो होतो. कुणीतरी म्हणाले, चला, छायाचित्र काढू. मी सवयीने मुलीकडे पाहिले. ती पाणी आणायला उठली नाही. भावाच्या शेजारी, दिव्याकडे तोंड करून बसली. ते छायाचित्र मी घरी भिंतीवर लावले आहे. डाव्या गालावर, अगदी जवळ जाऊन, जागा ठाऊक असली तर, एक पुसटशी छटा दिसते. ती मलाच दिसते, आणि मला ती दिसत राहिली हेच बरे.